जनुकांसाठी चिठ्ठ्या टाकता येत नाहीत

कॅन्सरच्या जनुक-चाचण्यांवरून आपल्याकडे जो वाद चालू आहे, त्यात दोन्ही बाजू भलत्याच मुद्द्यावर भांडत आहेत असं माझं मत आहे. एका बाजूचं म्हणणं असं, की रँडमाइज्ड ट्रायल, म्हणजे रुग्णांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटून घेतलेली चाचणी, हाच पुरावा. त्याखेरीज जे काही आहे ते ऐकीव. दुसरी बाजू म्हणते, प्रत्येक माणसाचा ट्यूमर जनुकांच्या पातळीवर वेगळा असेल तर सरासरी सांगणारी ट्रायल हवीच कशाला? लाखो रुग्णांच्या नोंदी संगणकात पडून आहेत, त्यांतून उत्तर काढा. या दोघांच्या मध्ये रुग्णाचे नातेवाईक उभे असतात. त्यांच्या हातात अनेक पानांचा रिपोर्ट असतो, त्यात एका म्युटेशनसमोर, म्हणजे जनुकातल्या बदलासमोर, एका औषधाचं नाव छापलेलं असतं, आणि त्या औषधाचा महिन्याचा खर्च त्यांच्या वर्षाच्या कमाईहून जास्त असू शकतो. 'घ्यायचं का?' एवढाच त्यांचा प्रश्न आहे आणि त्याचं सरळ उत्तर या वादातून त्यांना मिळत नाही.

माझी भूमिका सुरुवातीलाच सांगतो. जनुकाधारित कॅन्सर उपचारांत निरीक्षणात्मक संशोधन, म्हणजे चिठ्ठ्या न टाकता जे घडतं ते नोंदवून केलेला अभ्यास, हे ट्रायल जमली नाही म्हणून करायचं काम नाही. काही प्रश्नांची उत्तरं फक्त त्यातूनच मिळतात. काही प्रश्नांची त्यातून कधीच मिळणार नाहीत, आणि हा फरक आधी ओळखणं हेच संशोधकाचं पहिलं काम आहे. आपल्या देशापुरतं बोलायचं तर अडचण त्याच्याही अलीकडची आहे. पुरावा उच्च दर्जाचा की हलक्या दर्जाचा यावर आपण वाद घालतो, आणि रोज ज्यांच्यावर असे उपचार होतात त्यांचं पुढे काय झालं हे मात्र बहुतेक ठिकाणी कुणी लिहूनच ठेवत नाही.

ट्रायलचा कैवार घेणारे ब्रिटिश सांख्यिकीतज्ज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांचं नाव नेहमी घेतात. क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची जी ब्रिटिश चाचणी १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्या रचनेमागे हिल होते आणि आधुनिक रँडमाइज्ड ट्रायलची सुरुवात तिथून मानतात. पण दोनच वर्षांनी, १९५० मध्ये, याच हिल यांनी रिचर्ड डॉल यांच्यासोबत सिगारेट आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचा संबंध दाखवला, आणि त्यासाठी एकही चिठ्ठी टाकली नाही. कशी टाकणार? तुम्ही वीस वर्षं ओढा, तुम्ही ओढू नका, असं कुणाला सांगता येतं? त्यांनी इस्पितळातल्या रुग्णांना सवयी विचारल्या आणि १९५१ पासून सुमारे ४० हजार ब्रिटिश डॉक्टरांचा मागोवा घेतला. इकडे मुंबईत व्ही. आर. खानोलकर, एल. डी. संघवी आणि के. सी. एम. राव यांनी तंबाखू ओढणं व चघळणं आणि तोंड-घशाचे कॅन्सर यांचा संबंध तपासून १९५५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडला. तोही निरीक्षणातूनच.

या निष्कर्षांवर सर्वांत तीक्ष्ण आक्षेप घेतला तो रोनाल्ड फिशर यांनी. प्रयोगात चिठ्ठ्या का टाकायच्या याचं सांख्यिकी तत्त्व मांडणारे ते हेच फिशर. त्यांचा आक्षेप जनुकांचाच होता, म्हणून आज तो पुन्हा वाचण्यासारखा आहे. एखादं जनुकच माणसाला सिगारेटकडे ओढत असेल आणि तेच त्याला कॅन्सरही देत असेल, तर सिगारेटला दोष कसा देता, असं त्यांनी विचारलं. तर्क बिनचूक होता. फिशर तेव्हा तंबाखू उद्योगाचे सल्लागार होते, पण तेवढ्यावरून तर्क खोटा ठरत नाही. त्याला उत्तर दिलं अमेरिकन सांख्यिकीतज्ज्ञ जेरोम कॉर्नफिल्ड आणि सहकाऱ्यांनी, १९५९ मध्ये. सिगारेट ओढणाऱ्यांना हा कॅन्सर नऊपट जास्त होत असेल आणि त्याचं सगळं खापर त्या अज्ञात जनुकावर फोडायचं असेल, तर ते जनुक ओढणाऱ्यांत न ओढणाऱ्यांपेक्षा निदान नऊपट तरी जास्त आढळायला हवं. असं काही कुणाच्याच पाहण्यात नव्हतं. गंमत म्हणजे २००८ मध्ये पंधराव्या गुणसूत्रावर फिशर म्हणत होते तशा जातीचं जनुक खरोखर सापडलं. सिगारेटच्या ओढीशीही त्याचा संबंध आहे आणि फुप्फुसाच्या कॅन्सरशीही. मात्र त्याच्या एका प्रतीमुळे धोका वाढतो तो सुमारे ३० टक्क्यांनी. नऊपट कुठे आणि ३० टक्के कुठे? इथे निरीक्षण टाकून दिलं गेलं नाही आणि आक्षेपही झटकला गेला नाही. आक्षेप खरा ठरायचा तर तो किती मोठा असावा लागेल, याचं माप घेतलं गेलं. निरीक्षणात्मक संशोधनाकडून मला हीच पद्धत अपेक्षित आहे.

जनुकांच्या बाबतीत तर निरीक्षणाला पर्यायच नसतो. बीआरसीए-१ घ्या. या जनुकात किंवा त्याच्या जोडीच्या बीआरसीए-२ मध्ये दोष असेल तर स्तनाच्या आणि बीजांडकोशाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. १९९० मध्ये अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी बीआरसीए-१ सतराव्या गुणसूत्रावर आहे हे दाखवलं, ते ज्या घरांत स्तनाचा कॅन्सर पिढ्यान्‌पिढ्या होत होता त्या घरांचा अभ्यास करून. १९९४ मध्ये जनुक हाती आलं. मग प्रश्न आला की ज्या स्त्रीत हा दोष आहे तिला कॅन्सर होण्याची शक्यता किती? पहिले अंदाज ८० टक्क्यांच्या पुढचे होते. ते फुगलेले होते, कारण अभ्यासात आलेली कुटुंबं मुळात खूप रुग्ण असलेलीच होती. ट्रायलवाले म्हणतील, बघा, निरीक्षण फसलं. पण चूक दुरुस्त कशाने झाली? अधिक नेटक्या निरीक्षणानेच. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोष असलेल्या ९,८५६ स्त्रियांचा पुढे पुढे मागोवा घेतला गेला. ऐंशी वर्षांपर्यंत स्तनाच्या कॅन्सरचा धोका बीआरसीए-१ मध्ये ७२ टक्के आणि बीआरसीए-२ मध्ये ६९ टक्के निघाला, तर बीजांडकोशाच्या कॅन्सरचा अनुक्रमे ४४ आणि १७ टक्के. पस्तिशीतल्या बाईला बीजांडकोश काढून टाकायचे का आणि कधी, हे ठरवताना ४४ आणि १७ मधला फरक तिच्या आयुष्याचा प्रश्न असतो. कुठली ट्रायल हा आकडा देणार होती? म्युटेशन जन्माने मिळतं, ते चिठ्ठी टाकून वाटता येत नाही. आणि बीजांडकोश काढण्याच्या शस्त्रक्रियेसाठी तरी कोणत्या बाईला आपण चिठ्ठी उचलायला सांगणार?

ब्रिटनमधल्या आणखी एका अभ्यासाचा उल्लेख करायला हवा, कारण त्याने एक समजूत मोडली. चाळिशीच्या आत स्तनाचा कॅन्सर झालेल्या २,७३३ स्त्रियांचा त्यात मागोवा घेतला होता. त्यांपैकी ३३८ जणींत बीआरसीए दोष होता. दोष असलेल्यांचं आयुष्य कमी असणार असं अनेक डॉक्टरही मानत होते. २०१८ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा दहा वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण दोष असलेल्यांत ७३.४ टक्के आणि नसलेल्यांत ७०.१ टक्के होतं. म्हणण्याजोगा फरक नाही. नुकतंच निदान झालेल्या तरुण मुलीला दुसरा स्तन आत्ताच्या आत्ता काढण्याची घाई करायची गरज नाही, पहिला उपचार पुरा करून शांतपणे ठरव, असं डॉक्टर आज सांगू शकतात ते अशा अभ्यासांच्या बळावर.

आता विरोधी बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा. तो मला पूर्ण मान्य आहे. एखादं औषध दिल्याने रुग्ण जास्त जगला का, या प्रश्नावर निरीक्षणाने माणसं मारली आहेत. १९८० आणि ९० च्या दशकांत पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरसाठी अमेरिकेत केमोचे प्रचंड डोस देऊन नंतर रुग्णाच्याच मूळ पेशी परत सोडण्याचा उपचार बोकाळला. ३० हजारांहून अधिक स्त्रिया त्यातून गेल्या. पुरावा काय होता? या उपचारातून गेलेल्या स्त्रिया आधीच्या काळातल्या स्त्रियांपेक्षा जास्त जगल्या, एवढाच. पण असा उपचार मिळत होता तो वयाने लहान, हृदय-मूत्रपिंड धडधाकट असलेल्या, बारकाईने तपासून निवडलेल्या स्त्रियांना. त्या तशाही जास्त जगल्या असत्या. १९९३ मध्ये कॅलिफोर्नियात हा उपचार नाकारणाऱ्या विमा कंपनीला ज्यूरीने ८ कोटी ९० लाख डॉलर भरायला सांगितले. मग ट्रायलमध्ये चिठ्ठी उचलायला कोण तयार होणार? ट्रायल वर्षानुवर्षं रेंगाळल्या. १९९९ मध्ये पाच ट्रायलचे निष्कर्ष एकत्र आले, त्यांतल्या चारांत काहीही फायदा दिसला नाही. पाचवी, दक्षिण आफ्रिकेतली, जिच्यात फायदा दिसला होता, ती बनावट असल्याचं पुढच्याच वर्षी उघड झालं. दरम्यान किती स्त्रियांनी आयुष्याचे शेवटचे महिने विनाकारण वेदनेत आणि घरापासून दूर काढले असतील, त्याचा विचार करा.

जनुक-चाचण्यांच्या जगात हाच दोष आणखी छुप्या रूपात येतो. समजा जानेवारीत एका माणसाला चौथ्या टप्प्याचा फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. पहिला उपचार सुरू झाला. तो उपचार लागू पडेनासा झाल्यावर ऑक्टोबरात जनुकांची मोठी पॅनेल टेस्ट, म्हणजे एकदम अनेक जनुकं तपासणारी चाचणी, झाली आणि टेस्ट झालेल्यांच्या नोंदवहीत त्याचं नाव आलं. म्हणजे जो मे महिन्यात गेला त्याचं नाव या नोंदवहीत येणारच नाही. आता टेस्ट झालेल्यांचं आयुष्य निदानाच्या तारखेपासून मोजलं आणि टेस्ट न झालेल्यांशी ताडून पाहिलं, तर टेस्ट हेच औषध आहे असं वाटावं इतका फरक दिसेल. पहिल्या गटातल्या प्रत्येकाला ते नऊ महिने फुकट मिळालेले असतात. हा दोष खासगी इस्पितळांच्या जाहिरातींत असतो, परिषदांतल्या स्लाइड्समध्ये असतो आणि कधी कधी नावाजलेल्या नियतकालिकांतही असतो.

आणखी एक गृहीतक तपासून पाहावं लागलं, ते म्हणजे म्युटेशन सापडलं की त्यावरचं औषध चालणारच. २०१५ मध्ये फ्रान्समधल्या 'शिवा' ट्रायलचे निष्कर्ष आले. १९५ रुग्णांना चिठ्ठ्या टाकून विभागलं होतं. काहींना ट्यूमरमधल्या दोषानुसार इतर कॅन्सरसाठी मंजूर असलेली औषधं दिली, बाकीच्यांना डॉक्टरांच्या पसंतीचा नेहमीचा उपचार. आजार न वाढता गेलेला काळ एकीकडे २.३ महिने, दुसरीकडे २ महिने. बीआरएएफ जनुकातलं एकच म्युटेशन मेलानोमात, म्हणजे त्वचेच्या एका कॅन्सरमध्ये, असेल तर त्यावरच्या वेमुराफेनिब या औषधाने ट्यूमर वितळतो आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये तेच औषध एकटं दिलं तर जवळपास निरुपयोगी ठरतं, कारण आतड्यातल्या पेशी दुसऱ्या वाटेने तोच संदेश पुढे पाठवतात. रिपोर्टमधल्या ओळीसमोर औषधाचं नाव छापलं आहे म्हणून ते लागू पडेल असं मानणं किती धोक्याचं आहे, हे यातून कळतं.

हे सगळं मान्य करूनही मी माझी भूमिका सोडत नाही. ही निरीक्षणं फसली कशामुळे, ते नीट पाहायला हवं. कोलेस्टेरॉलवरच्या स्टॅटिन गोळ्यांचं उदाहरण यासाठी फार चांगलं आहे. या गोळ्या घेणाऱ्यांना कॅन्सर बराच कमी होतो असं अनेक निरीक्षणात्मक अभ्यासांत दिसलं होतं, ट्रायलमध्ये तसं काहीच दिसलं नव्हतं. २०१९ मध्ये संशोधकांनी ब्रिटनमधल्या ७,३३,८०४ प्रौढांच्या नोंदी घेतल्या आणि एक साधा नियम पाळला. ट्रायल केली असती तर कोणाला घेतलं असतं, कोणत्या दिवसापासून मोजायला सुरुवात केली असती, कोणाशी तुलना केली असती, हे सगळं आधी कागदावर लिहिलं आणि मग नोंदी त्याच साच्यात बसवल्या. फायदा नाहीसा झाला, उत्तर ट्रायलशी जुळलं. पूर्वीच्या अभ्यासांत गोळी वर्षानुवर्षं घेत राहिलेल्यांना मोजलं जात होतं, आणि वर्षानुवर्षं घ्यायला आधी जगावं लागतं. म्हणजे दोष नोंदींत नव्हता, मोजायला कुठून सुरुवात केली त्यात होता. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या विमा-नोंदींतून ३२ ट्रायलची अशीच नक्कल करून पाहण्यात आली. जिथे मूळ ट्रायलची रचना नोंदींतून जवळून उभी करता आली, तिथे उत्तरं बहुतांशी जुळली. जिथे रचना उभी राहिली नाही, तिथे ती भरकटली. या ट्रायल मुख्यतः मधुमेह, हृदयरोग यांसारख्या आजारांच्या होत्या आणि कॅन्सरच्या नोंदी अधिक गुंतागुंतीच्या असतात, हे खरं. तरीही 'निरीक्षण म्हणजे कचरा' हे सरसकट विधान यानंतर करता येत नाही.

उलट बाजूने विचारतो. ट्रायल कधीच चुकत नाही का? गेफिटिनिब हे फुप्फुसाच्या कॅन्सरवरचं औषध २००३ मध्ये अमेरिकेत तात्पुरत्या निकषांवर मंजूर झालं. नंतर १,६९२ रुग्णांच्या मोठ्या रँडमाइज्ड ट्रायलमध्ये ते औषध आणि नुसती साखरेची गोळी यांत आयुष्याच्या दृष्टीने खात्रीचा फरक दिसला नाही. ट्रायल चोख होती. तिचं ऐकून औषध कपाटात टाकून द्यायचं का? डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर मात्र दुसरंच घडत होतं. काही रुग्णांचे ट्यूमर आठवड्यांत आकसत होते. हे रुग्ण बहुधा सिगारेट न ओढणारे, त्यातही स्त्रिया, आणि आशियातले होते. २००४ मध्ये बॉस्टनमधल्या दोन गटांनी या मूठभर रुग्णांच्या ट्यूमरचं जनुकीय वाचन केलं आणि ईजीएफआर जनुकातली म्युटेशन सापडली. मग २००९ मध्ये आशियातल्या १,२१७ रुग्णांच्या ट्रायलने प्रश्न नेमका विचारला. म्युटेशन असलेल्यांत आजार वाढण्याचा वेग केमोच्या तुलनेत निम्म्यावर आला, नसलेल्यांत तो जवळपास तिप्पट झाला. म्हणजे पहिल्या ट्रायलने ज्यांना फायदा होतो आणि ज्यांना होत नाही त्यांची सरासरी काढून फायदा झाकून टाकला होता. ते सुटं केलं आधी निरीक्षणाने आणि मग त्यावर बेतलेल्या ट्रायलने. दोघांपैकी एकाला काढून टाका, ही गोष्ट पुरी होत नाही.

मग काही गोष्टी अशा आहेत जिथे चिठ्ठ्या टाकण्याइतके रुग्णच नसतात. एनटीआरके जनुकांच्या जोडणीतून होणारे कॅन्सर इतके तुरळक आहेत की त्यांच्यावरच्या लॅरोट्रेक्टिनिब या औषधाला २०१८ मध्ये मंजुरी मिळाली ती ५५ रुग्णांच्या आधारावर, त्यात लहान मुलंही होती आणि म्हातारी माणसंही. दर चौघांपैकी एक सोडला तर बाकीच्यांचे ट्यूमर आकसले. पुरुषांच्या स्तनाच्या कॅन्सरसाठी पॅल्बोसिक्लिब या औषधाला २०१९ मध्ये जी मान्यता मिळाली, ती इस्पितळांच्या आणि विम्याच्या नोंदींवरून. परिणाम मोठा आणि आजाराची नैसर्गिक वाटचाल ठाऊक असेल, तर तुलनागटाविनाही निर्णय घेता येतो. परिणाम दोन-तीन महिन्यांचा असेल, तर घेता येत नाही, कारण तेवढा फरक नुसत्या रुग्णनिवडीनेही पडतो. वादात कुठलीच बाजू ही रेषा आखताना दिसत नाही.

हे सगळं परदेशातलं झालं. आपला प्रश्न वेगळाही आहे आणि अधिक तातडीचाही. ज्या मोठमोठ्या जनुकीय संग्रहांवर जगाचे उपचार-नियम उभे आहेत, त्यांत युरोपीय वंशाच्या रुग्णांची संख्या फार मोठी आहे. त्याने काय बिघडतं? रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांना वर्षानुवर्षं मर्कॅप्टोप्युरिन देतात. काही मुलांच्या पांढऱ्या पेशी या औषधाने धोकादायक पातळीला घसरतात. युरोपीय वंशाच्या रुग्णांत त्याचं कारण टीपीएमटी जनुकात सापडलं आणि पाठ्यपुस्तकांत तेच शिकवलं गेलं. आपल्याकडे तो दोष थोड्यांत आढळतो. पूर्व आशियातल्या रुग्णांकडे लक्ष दिल्यावर २०१४-१५ च्या सुमारास एनयूडीटी-१५ हे दुसरं जनुक पुढे आलं, आणि त्यातला दोष दक्षिण आशियातही बऱ्यापैकी आढळतो. आपल्या मुलांसाठी हीच चाचणी महत्त्वाची होती. गालफडाच्या आणि हिरड्यांच्या कॅन्सरचंही तसंच. तंबाखू चघळण्यातून होणारा हा आजार आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. त्याचा जनुकीय नकाशा खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रातल्या आणि पश्चिम बंगालमधल्या कल्याणीच्या राष्ट्रीय जनुकशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये मांडला तेव्हा कुठे त्यातली काही वेगळी जनुकं समोर आली. आणि बीआरसीए तपासणीत 'अर्थ अनिश्चित' असा शेरा घेऊन परतणाऱ्या बायका आपल्याकडे जास्त असतात, त्याचं कारण आपल्या लोकसंख्येत ते बदल कोणाकोणात आहेत आणि त्यांचं पुढे काय झालं हे कुणी पुरेसं मोजलेलं नाही.

इथे मला दुसऱ्या बाजूलाही हटकायचं आहे. भारतात ट्रायल परवडत नाहीत म्हणून नोंदींवर भागवू, हे म्हणणं खोटं आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांना गावांच्या समूहांनुसार चिठ्ठ्या टाकून विभागून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासण्यांची तुलना झाली. विषाणूचा डीएनए तपासणारी एकच चाचणी केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले, हे २००९ मध्ये जगापुढे आलं. मराठवाड्यातल्या खेड्यांतून मिळालेल्या या पुराव्याचा जगभर आधार घेतला गेला. ज्या गटाला तपासणी मिळाली नाही त्या स्त्रियांबद्दल पुढे गंभीर नैतिक आक्षेप घेतले गेले आणि ते घ्यायलाच हवे होते. टाटा मेमोरियलने गेफिटिनिब एकटं आणि गेफिटिनिबसोबत केमो यांची ३५० रुग्णांत तुलना केली. आजार न वाढता जाणारा काळ ८ महिन्यांवरून १६ वर गेला. या औषधांच्या भारतीय जेनेरिक आवृत्त्या मिळतात. म्हणजे जिथे चिठ्ठी टाकता येते तिथे ती टाकायची धमक इथे आहे. जिथे फायदा मध्यम आणि खर्च अफाट आहे, तिथे ट्रायलला बगल देऊन नोंदींकडे वळणं म्हणजे रुग्णाला औषध-कंपनीच्या भरवशावर सोडणं.

निरीक्षणाची आपली परंपराही काही कमी नाही. मुंबईची कॅन्सर नोंदणी १९६३ मध्ये सुरू झाली, देशातली पहिली. बार्शीची १९८७ मध्ये, देशातली पहिली ग्रामीण. बार्शीत कार्यकर्ते गावोगाव फिरून लोकांना भेटत, कारण खेड्यातला कॅन्सर इस्पितळापर्यंत पोहोचतोच असं नव्हतं. आज पुण्यात इंडियन कॅन्सर जीनोम अ‍ॅटलास हा भारतीय रुग्णांच्या कॅन्सरच्या जनुकीय माहितीचा संग्रह उभा राहतो आहे, आयआयटी मद्रासनेही असं काम हाती घेतलं आहे. त्यांचं स्वागतच. पण ट्यूमरमधली म्युटेशन हा माहितीचा अर्धा भाग झाला. त्या रुग्णाला कोणतं औषध, कोणत्या तारखेला, किती दिवस मिळालं, का बंद झालं आणि तो आज हयात आहे का, हा उरलेला अर्धा. आणि तो मिळवणं हे जनुक वाचण्यापेक्षा कितीतरी कष्टाचं काम आहे. जनुक एकदा वाचलं की झालं. माणूस गावाला परत जातो, फोन नंबर बदलतो, मृत्यूच्या दाखल्यावर 'हृदयक्रिया बंद' असं लिहिलं जातं.

म्हणून माझी मागणी अशी आहे. ज्या म्युटेशनसाठी एखादं औषध त्या कॅन्सरमध्ये मंजूर नाही, त्यासाठी ते द्यायचंच असेल तर ते नोंदणीखालीच दिलं जावं. नेदरलँड्समध्ये नेमकं हेच करतात. मंजुरीबाहेरचं औषध द्यायचं तर तिथे एका राष्ट्रीय कार्यक्रमाखाली आधी आठ रुग्णांना दिलं जातं, त्यांतल्या एकालाही फायदा झाला नाही तर ती वाट बंद होते, झाला तर आणखी सोळा जण घेतात. २०१९ मध्ये त्यांनी पहिल्या २१५ रुग्णांचा हिशेब मांडला, ३४ टक्क्यांना काही ना काही फायदा झाला होता. ही ना शुद्ध ट्रायल आहे ना नुसतं बघत राहणं, पण फसलेला प्रत्येक प्रयत्न पुढच्या रुग्णाला वाचवतो. आपल्याकडे असे किती रुग्ण पुण्या-मुंबईत, नाशिक-नागपुरात, पणजीत हे औषध घेऊन गेले? पहिल्या आठांचं काय झालं हे नवव्याला कोण सांगणार?

नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये आज तीनशेहून अधिक केंद्रं आहेत, म्हणजे जाळं आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून कॅन्सरच्या उपचारांचे पैसे सरकार भरतं, म्हणजे कुणाला काय मिळालं याची नोंद पैशांच्या रूपाने आहे. तिला दोन वर्षांनंतरची, रुग्ण तेव्हा हयात होता का हे सांगणारी, एक नोंद जोडायची आहे. खासगीपणाची काळजी रास्त आहे, जनुकं माणसाबरोबर त्याच्या भावंडांची आणि मुलांचीही गुपितं सांगतात. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधनासाठी सवलत आहे, पण सवलत म्हणजे संमतीला रजा असा अर्थ इस्पितळांनी काढू नये. रुग्णाला त्याच्या भाषेत सांगावं, नाव काढून टाकावं, आणि त्याच्या नोंदीतून जे कळलं ते त्यालाही कळवावं.

शेवटचा मुद्दा अवघड आहे. आपल्याकडे असे अनेक रुग्ण आहेत ज्यांच्या रिपोर्टमध्ये औषध असलेलं म्युटेशन निघालं आणि ज्यांनी ते औषध कधीच घेतलं नाही, कारण पैसे नव्हते. सांख्यिकीच्या भाषेत हा आयता तुलनागट आहे, आणि उद्या कुणीतरी तो तसा वापरेल. त्यांचं आयुष्य कमी निघालं तर श्रेय औषधाला दिलं जाईल. पण त्यांना औषध मिळालं नाही तसंच पोटभर जेवणही मिळालं नसेल, केमोच्या फेऱ्या चुकल्या असतील, पहिले सहा महिने कॅन्सरऐवजी क्षयाच्या गोळ्यांत गेले असतील. त्यांची नावं नोंदवहीत हवीतच, नाहीतर आपलं गणित फक्त श्रीमंतांचं होईल. मात्र प्रत्येक नावासमोर औषध का मिळालं नाही, यासाठी एक रकाना असायला हवा, आणि तो भरलेला नसेल तर त्या अभ्यासाचा निष्कर्ष छापायला संपादकांनी नकार द्यावा.